कॅफेतल्या कॉफीचा फ्लेवर येतो बाटलीतून, तोच घरी कसा करायचा?

इन्स्टाग्राम उघडा, दोन-चार रील सरकवा, एक काचेचा ग्लास हमखास समोर येणार. तळाला तपकिरी सिरप, त्यावर बर्फ, वरून दूध आणि शेवटी कॉफीची संथ धार. खाली नाव असतं आइस्ड कॅरॅमल लाटे, हेझलनट कोल्ड कॉफी किंवा सिनॅमन मोका. बघणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी मशीनवालं, महागडं प्रकरण आहे.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कॅफेत हाच ग्लास २५० ते ३५० रुपयांना पडतो. महिन्यातून एकदा मित्रांसोबत ठीक आहे. पण आठवड्यातून तीनदा सवय लागली की महिन्याचा हिशेब तीन-चार हजारांवर जातो.

तर विषय असा आहे की, या ग्लासात असं काय असतं जे घरच्या ओट्यावर होऊ शकत नाही?

खरं सांगायचं तर फार काही नसतं. कडक कॉफी, दूध, साखर आणि वास. हो, वासच. फ्लेवर्ड कॉफीचा सगळा खेळ इथेच आहे.

चव जिभेला कमी, नाकाला जास्त कळते

आपल्या जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी अशा मोजक्या चवी कळतात. व्हॅनिला, दालचिनी, वेलची, हेझलनट या जिभेच्या चवी नाहीत. घोट गिळताना त्याचा सुगंध घशाच्या मागच्या बाजूने नाकात जातो आणि मेंदू तो चवीत मिसळून टाकतो. म्हणूनच सर्दी झाली की चांगली फोडणी दिलेली आमटीसुद्धा सपक लागते.

कॅफेवाले नेमकं हेच करतात. काउंटरवर ओळीने ज्या बाटल्या दिसतात, त्यात साखरेचा पाक आणि त्यात मिसळलेला सुगंध असतो. कॉफीची बी तीच, दूध तेच. बाटली बदलली की मेन्यूतलं नाव बदलतं. कॉफीच्या बियांनाच सुगंध चोळून विकण्याची पद्धतही आहे, पण कॅफेत तुमच्यासमोर येणारा फ्लेवर बहुतेक वेळा सिरपचाच असतो.

यात एक गंमत आहे. व्हॅनिलाच्या शेंगेला स्वतःचा गोडवा नसतो. पण लहानपणापासून आपण व्हॅनिला खाल्ला तो आइस्क्रीम आणि केकमध्ये. त्यामुळे नुसता वास आला तरी मेंदू ‘गोड’ असा निरोप देतो. शिरा आणि श्रीखंडामुळे आपल्याकडे वेलचीचंही तसंच झालंय. थोडक्यात, सुगंध नीट वापरला तर साखर कमी करता येते. कॅफेत हे तुमच्या हातात नसतं, घरी असतं.

जगाचा ट्रेंड आणि आपली जायफळाची कॉफी

अमेरिकेत २००३ मध्ये स्टारबक्सने ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ आणली आणि ती इतकी गाजली की दरवर्षी तिथे लोक तिची वाट बघतात. नावात भोपळा असला तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यात भोपळा नव्हताच. २०१५ मध्ये त्यात भोपळ्याचा गर घालायला सुरुवात झाली. मग चव कशाची होती? भोपळ्याच्या पायमध्ये पडणाऱ्या मसाल्यांची, म्हणजे दालचिनी, जायफळ, लवंग आणि आलं.

आता ही यादी पुन्हा वाचा. आपल्याकडे कितीतरी घरांत पाहुणे आले की, लग्नघरात किंवा गणपतीच्या जागरणाला जायफळ-वेलची घातलेली कॉफी होतेच. म्हणजे मसाल्याची कॉफी मराठी घरांना नवी नाही, फक्त तिला कधी ‘फ्लेवर्ड’ असं नाव मिळालं नाही.

जायफळ तर आपल्या मातीतलंही आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांमध्ये जायफळाची झाडं लावतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ नावाच्या त्याच्या जातीही विकसित केल्या आहेत.

‘मोका’ या नावामागेही गोष्ट आहे. आज मोका म्हटलं की चॉकलेट घातलेली कॉफी आठवते. मुळात मोखा हे येमेनमधलं बंदर. जगभर कॉफी तिथून जायची. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात तिथून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका सांगतात. आज भारतातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

आधी पाया पक्का करा

घरची फ्लेवर्ड कॉफी फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, ते म्हणजे कॉफी पातळ होते. दूध, बर्फ आणि सिरप पडल्यावरही कॉफीची चव टिकायला हवी असेल, तर ती थोडक्या पाण्यात कडक करावी लागते. त्याचे तीन सोपे मार्ग आहेत.

पहिला इन्स्टंट कॉफीचा. २ छोटे चमचे पावडर पाव कप गरम पाण्यात विरघळवली की काम झालं. पाणी उकळतं नको, किंचित निवलेलं घ्या.

दुसरा फिल्टरचा. स्टीलच्या दोन मजली फिल्टरमध्ये ३ मोठे चमचे कॉफी भरायची, वरून अर्धा कप गरम पाणी ओतायचं आणि १५-२० मिनिटं विसरून जायचं. खाली दाट डिकॉक्शन जमा होतं.

तिसरा कोल्ड ब्रूचा. ५० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी ४०० मिली गार पाण्यात भिजवून १२ ते १४ तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि सकाळी मलमलच्या कापडातून गाळायची. गार पाण्यात कडू आणि आंबट घटक कमी उतरतात, त्यामुळे ही कॉफी मऊ लागते. भिजवतानाच दालचिनीचा एक तुकडा टाकला तर फ्लेवर आपोआप येतो.

पावडर विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या अनेक पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि प्रमाण पाकिटावर छापावं, असा भारतात नियम आहे. फिल्टर कॉफीला चिकोरी शोभते, पण कोल्ड ब्रूसाठी शुद्ध कॉफीच घ्या.

आता बाटली घरी भरा

साखर गार दुधात नीट विरघळत नाही. खाली बसते आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो. म्हणून पाक करायचा.

१ कप साखर आणि १ कप पाणी गॅसवर ठेवा. साखर विरघळून एक उकळी आली की बंद करा. तार धरायची गरज नाही, हा गुलाबजामचा पाक नव्हे. गरम असतानाच सुगंध टाका.

दालचिनीसाठी २-३ तुकडे, वेलचीसाठी ६-७ ठेचलेल्या वेलच्या पाकात अर्धा तास मुरू द्या आणि गाळा. व्हॅनिलासाठी १ छोटा चमचा इसेन्स पुरतो, पण तो पाक कोमट झाल्यावर घाला, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो. मोकासाठी पाक गरम असतानाच २ मोठे चमचे कोको पावडर आणि चिमूटभर मीठ फेटून घाला.

कॅरॅमल करायचं असेल तर पद्धत थोडी वेगळी आहे. जाड बुडाच्या भांड्यात नुसती साखर मंद आचेवर वितळवा. रंग मधासारखा झाला की गॅस बंद करून थोडं थोडं गरम पाणी घाला. इथे हात आणि तोंड लांब ठेवा, कारण वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि पाणी पडताच उसळते. लहान मुलं आसपास असतील तर हा उद्योग नकोच.

गार झालेला पाक स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर दोन आठवडे आरामात टिकतो.

चार कॉफी, एकच ओटा

जायफळ-वेलची कॉफी : १ कप दूध तापवा, त्यात १ छोटा चमचा कॉफी आणि १ मोठा चमचा वेलचीचा पाक घाला. कपात ओतल्यावर वरून जायफळ दोनदाच किसणीवर फिरवा. जायफळ चिमटीतच शोभतं. चमचाभर पोटात गेलं तर मळमळ, चक्कर, भास असे त्रास होऊ शकतात.

आइस्ड कॅरॅमल : ग्लासात १ मोठा चमचा कॅरॅमल, त्यावर भरपूर बर्फ, १५० मिली गार दूध आणि शेवटी कडक कॉफी हळूच चमच्याच्या पाठीवरून सोडा. दूध जड आणि कॉफी हलकी असल्यामुळे रीलमधले थर तयार होतात. फोटो काढून झाला की ढवळा, नाहीतर वर कडू आणि खाली गोड.

फेटलेली कॉफी : २०२० च्या जानेवारीत दक्षिण कोरियातल्या टीव्हीवर जंग इल-वू या अभिनेत्याने मकाऊमध्ये प्यायलेल्या कॉफीला ‘डालगोना’ म्हटलं आणि लॉकडाऊनमध्ये जगाने ती फेटली. आपल्याकडे कपात कॉफी-साखर घोटून फेस काढण्याची पद्धत त्याआधीची. २ चमचे इन्स्टंट कॉफी, २ चमचे साखर, २ चमचे गरम पाणी घ्या आणि फिकट, घट्ट होईपर्यंत फेटा. इथे इन्स्टंटच लागते. फिल्टरच्या डिकॉक्शनचा असा फेस उभा राहत नाही.

गूळ-सुंठ कॉफी : पाण्यात सुंठ उकळा, कॉफी घाला, गूळ विरघळवा, गॅस बंद करा आणि मग वेगळं तापवलेलं दूध मिसळा. हा क्रम चुकवू नका. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटण्याची शक्यता असते. कच्च्या आल्यातही दूध फाडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे ताजं आलं वापरायचं असेल तर तेही आधी पाण्यात उकळून घ्या.

फेसासाठी मशीन नसेल तर ताक घुसळायची लहान रवी काढा. दूध उकळू देऊ नका, साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, म्हणजे वाफ येऊ लागली पण उकळी नाही अशा वेळी उतरवा. तेव्हा ते गोड लागतं आणि फेसही बारीक येतो.

पैसे वाचले, आता साखर आणि झोप

दूध लिटरला ७० रुपये धरलं तरी २०० मिलीचे १४ रुपये होतात. कॉफी, पाक, गॅस सगळं धरूनही घरचा ग्लास कॅफेच्या बिलाच्या आसपास जात नाही. पण स्वस्त झालं म्हणून दिवसाला चार ग्लास प्यायले तर गणित दुसरीकडे बिघडतं.

वर सांगितलेल्या पाकाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ८ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी. म्हणजे ग्लासात तीन चमचे पाक घातला की दिवसभराचा चांगला कोटा एका कॉफीतच संपला. चहा, बिस्किटं अजून बाकीच आहेत. म्हणून पाक एक चमचा आणि सुगंध थोडा जास्त, हे प्रमाण धरा. कडूपणा टोचत असेल तर आणखी साखर घालण्याआधी दोन-तीन कण मीठ टाकून बघा. मिठामुळे कडू चव दबते.

कॅफिनचंही तसंच. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅम आणि गरोदरपणात २०० मिलीग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलीग्रॅम कॅफिन येतं. ते शरीरातून निम्मं व्हायला अंदाजे ५ तास लागतात. म्हणजे रात्री ९ ला प्यायलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे २ वाजताही तुमच्यासोबत जागं असतं. ‘जायफळ घातलंय, झोप लागेल’ असं घरात कुणी म्हणालं तरी जायफळामुळे कॅफिन नाहीसं होत नाही.

त्यामुळे सुरुवात मोठ्या खरेदीने करू नका. मशीन नको, पाच प्रकारच्या बाटल्या नकोत. मसाल्याच्या डब्यातली वेलची आणि दालचिनी घ्या, एक कप पाक करा आणि आठवडाभर तोच वापरून बघा. आपल्याला नक्की कोणता वास आवडतो आणि किती साखर पुरते, हे कळायला तेवढी एक बाटली पुष्कळ झाली.