कॅलिपरचे बोल्ट ढिले कां होतात व ते कसे रोखावेत

अलीकडे पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं जीप किंवा पिकअप उभी असते. शेताची वाट खडबडीत, ओढ्यांत चिखल, मागें भरलेलें ओझें. म्हणून कित्येक मालक आपल्या गाडींत फेरफार करून घेतात. कोणी मोठे टायर चढवितो, कोणी गाडी उंच करतो, आणि जुन्या जिपेचे ड्रम ब्रेक काढून तेथें दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवून घेणारेहि पुष्कळ आहेत. ह्या शेवटच्या फेरफारांत उद्भवणारा एक मोठा दोष असा कीं, ब्रेकचा कॅलिपर धरून ठेवणारे बोल्ट कांहीं दिवसांनीं आपोआप ढिले होतात. ब्रेक लागत असतो तोंवर मालकास त्याचा पत्ता नसतो. पण एखादा बोल्ट गळून पडला म्हणजे कॅलिपर फिरून चाकाच्या रिमास अडकतो, किंवा ब्रेकची नळी तुटून तेल सांडतें. दिवेघाट किंवा कात्रजचा घाट उतरतांना हा प्रसंग आला तर गाडींतील माणसांच्या जिवाशीं गांठ पडते. सबब ह्या दोषाचें कारण व उपाय प्रत्येक वाहनधारकानें समजून घेणें अवश्य आहे.

कॅलिपरची रचना

डिस्क ब्रेकांत चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्याप्रमाणें पकडणारा जो भाग, तो कॅलिपर होय. पुष्कळ गाड्यांत कॅलिपर एका बैठकीवर दोन लहान बोल्टांनीं सरकता बसविलेला असतो, व ती बैठक दोन मोठ्या बोल्टांनीं चाकाच्या सांध्यास जखडलेली असते. ब्रेक दाबतांच फिरती तबकडी कॅलिपरला आपल्याबरोबर ओढूं पाहते आणि तो सारा ओढा ह्या बोल्टांच्या जोडावर येतो. गाडी मागें घेतांना ब्रेक लावला कीं हाच ओढा उलट दिशेस होतो.

बोल्ट कशानें घट्ट राहतो?

बैलगाडीच्या चाकाची धाव सर्वांच्या परिचयाची आहे. लोहार धाव तापवून चाकावर चढवितो व वर पाणी ओततो. थंड होतांना ती आकसते आणि आरे, पाटे व तुंबा हे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. उन्हाळ्यांत लांकूड वाळून किंचित् आकसलें कीं तीच धाव ढिली पडते, व गाडीवान चाक पाण्यांत भिजत ठेवतो. बोल्टाचें कामहि असेंच आहे. पान्यानें आवळतांना तो सूक्ष्म प्रमाणांत ताणला जातो, आणि त्या ताणानें दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ताण आहे तोंवर जोड घट्ट राहतो.

हा ताण किती नाजूक असतो तें आंकड्यांवरून कळेल. आवळल्या जाणाऱ्या भागांची जाडी ४० मिलिमीटर असून पोलादी बोल्टावर दर चौरस मिलिमीटरास ५०० न्यूटन ताण दिला, तर तो अवघा सुमारें ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतका लांबतो. ही जाडी २० मिलिमीटर असेल तर लांबणी त्याच्या निम्मी. अशा वेळीं मधला रंगाचा थर नुसता ०.०२५ मिलिमीटर दबला, तरी आखूड बोल्टाचा निम्मा ताण नाहींसा होतो.

दुसरें कारण जोडाच्या सरकण्याचें. १९६९ सालीं गेरहार्ड युंकर ह्या जर्मन इंजिनियरानें प्रयोगानें दाखविलें कीं, आवळलेले भाग बोल्टाला आडवे असे मागेंपुढें थोडेसेहि सरकूं लागले, म्हणजे आट्यांमधील घर्षणाची पकड सुटते व बोल्ट आपोआप उलटा फिरूं लागतो. कॅलिपरवर येणारा ओढा नेमका असाच आडवा असतो. बोल्टाचा दाब पुरेसा असेल तर भाग सरकत नाहींत. दाब घटला कीं सरकणें सुरू होतें, त्यानें बोल्ट आणखी ढिला होतो, आणि हें चक्र वाढत जातें.

फेरफार केलेल्या गाडींत हा दोष अधिक कां?

कारखान्यांत बैठक व सांधा हे एकमेकांसाठीं घडविलेले असतात. फेरफारांत मात्र परक्या गाडीचा कॅलिपर बसविण्याकरितां मध्यें जाड लोखंडी जोडपट्टी घालतात. तिच्यामुळें एका जोडाचे दोन जोड होतात. पट्टीस रंग दिलेला असतो, तो उष्णतेनें मऊ होऊन दबतो. भोंकें हातानें पाडलेलीं असल्यास तीं मोठीं व किंचित् तिरपीं असतात. अंतर जुळविण्यास कोणी दोनतीन वायसर एकावर एक रचतो, आणि तितके दबणारे पृष्ठभाग वाढतात. त्यांत मोठ्या व जड टायरांमुळें तीच गाडी थांबविण्यास ब्रेकवर अधिक जोर येतो.

उपाय

१. पृष्ठभाग. जेथें धातूस धातू टेकतो तेथील रंग, गंज व चिखल घासून काढावा. दोन्ही पृष्ठभाग सपाट असावेत. पट्टीस गंज लागूं नये म्हणून रंग द्यावयाचा तर तो बाहेरच्या उघड्या भागास द्यावा.

२. बोल्ट. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आंकडा कोरलेला असतो. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटनपर्यंत तुटणार नाहीं व त्याच्या दहांत आठ हिश्शांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, कायमचा लांबणार नाहीं असा बोल्ट. मूळ बोल्ट ज्या प्रतीचा असेल त्याहून हलका कधीं घालूं नये, आणि बिनखुणेचा बोल्ट ब्रेकला मुळींच लावूं नये. पोलादांत बोल्टाच्या व्यासाइतके तरी आटे गुंतले पाहिजेत. ॲल्युमिनियममध्यें दीडपट ते दुप्पट.

३. आवळण्याचें माप. पान्यानें लावलेल्या जोरापैकीं सुमारें निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणांत व दोनपंचमांश आट्यांच्या घर्षणांत खर्च होतो. ताण देण्यास जेमतेम दशांश उरतो. गंजलेले आटे तो दशांशहि गिळतात. उलट पुस्तिकेंत सांगितलें नसतां तेल लावून आवळल्यास ताण मर्यादेबाहेर जाऊन बोल्ट तुटूं शकतो. सबब आटे स्वच्छ व कोरडे करून मापाच्या पान्यानें, म्हणजे टॉर्क रेंचनें, आवळावेत. अनेक मोटारींत सरकत्या कॅलिपरचे लहान बोल्ट २५ ते ३५ न्यूटन-मीटर, व बैठकीचे मोठे बोल्ट ८० ते ११० न्यूटन-मीटर ह्या टापूंत असतात. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा हाच प्रमाण मानावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकास सुमारें २० किलोचा जोर होय.

४. आट्यांचा डिंक. १९५३ सालीं अमेरिकेंत व्हर्नन क्रीबल ह्या रसायनशास्त्रज्ञानें असा द्रव तयार केला कीं, जो हवा न मिळतां धातूच्या सान्निध्यांत घट्ट होतो. आज तो बाजारांत सहज मिळतो. मध्यम शक्तीचा घ्यावा, म्हणजे पुढें साध्या पान्यानें बोल्ट निघतो. आटे तेलविरहित करून थेंब दोन थेंब लावावेत. सामान्य जातीचा डिंक सुमारें १५० अंश सेल्सियसच्या पुढें दुबळा पडतो. लांब घाट उतरणाऱ्या गाडीस अधिक उष्णता सोसणारा घ्यावा. सरकत्या पिनांवर किंवा ब्रेक पॅडवर त्याचा थेंबहि जाऊं देऊं नये.

५. पाचरीचे वायसर. दातेरी व उतरत्या पायऱ्यांच्या दोन चकत्यांची ही जोडी असते. बोल्ट उलटा फिरूं लागला कीं पायऱ्या एकमेकींवर चढतात व ताण उलट वाढतो. आडव्या हादऱ्यांस हा उपाय चांगला टिकतो.

उपाय नव्हेत असे उपाय

स्प्रिंग वायसर घातला म्हणजे बोल्ट सुटत नाहीं ही समजूत फार जुनी आहे. परंतु बोल्ट आवळतांच तो चपटा होऊन साध्या वायसरासारखा राहतो, आणि आडव्या हादऱ्यांच्या प्रयोगांत त्यानें सुटणें थांबत नाहीं असें दिसून आलें आहे. नायलॉनची कडी असलेला नट सुमारें १२० अंशांपलीकडे भरंवशाचा नसल्यानें ब्रेकजवळ तो नको. डोक्यास भोंक पाडून तार बांधल्यानें बोल्ट गळून पडत नाहीं हें खरें, पण गेलेला ताण त्यानें परत येत नाहीं. म्हणून तार ही केवळ दुसरी राखण समजावी.

तपासणी

बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून बैठकीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ मोडली कीं बोल्ट फिरला असें निश्चित समजावें. पहिल्या १०० किलोमीटरांनंतर, पुन्हां ५०० नंतर, व पुढें चाक काढण्याच्या प्रत्येक वेळीं ती पाहावी. ब्रेक थंड झाल्यावरच व गाडी घोड्यांवर टेकवूनच हें काम करावें. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. डिंक लावलेला बोल्ट उगाच हलवून पाहूं नये, रेघच पाहावी. फिरलेला आढळल्यास तो काढून, आटे साफ करून, कारण शोधावें. पुन्हां आवळून पुढें जाणें म्हणजे रोग झांकणें होय.

आवाजावरूनहि हा दोष ओळखतां येतो. हमरस्त्यावर यंत्राच्या व वाऱ्याच्या आवाजांत तो लपतो. पण तीच गाडी पुण्यांत नारायण पेठेच्या अरुंद गल्ल्यांत, लक्ष्मी रस्त्यापासून नदीकडे हळूहळू जात असतां पावलोपावलीं ब्रेक दाबावा लागतो, आणि ब्रेक लागतांना किंवा गाडी मागें घेतांना चाकाजवळ एकच ‘टक्’ ऐकूं येतें. हा आवाज कॅलिपर सरकल्याचा असूं शकतो. तो ऐकूं आल्यास बाजाराचें काम मागें ठेवून आधीं गाडी दाखवावी, आणि परतीचा घाट तपासणीनंतरच उतरावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम ५२ अन्वयें वाहनाच्या मूळ नोंदीशीं न जुळणारा फेरफार करण्यास मनाई आहे, व जानेवारी १९१९ नव्हे तर जानेवारी २०१९ मध्यें, म्हणजे ह्याच शतकांत, सर्वोच्च न्यायालयानें ती स्पष्ट शब्दांत उचलून धरली. म्हणून ब्रेकसारख्या भागास हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. मूळचे ब्रेक दुरुस्त करून चालत असतील तर तोच मार्ग कमी खर्चाचा व कमी धोक्याचा आहे.

१९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हांपासून आपला शेतकरी पाना हातीं धरीत आला आहे. नांगराचा बोल्ट सुटला तर एक तास वांकडें जातें. कॅलिपरचा सुटला तर तें नुकसान भरून येत नाहीं. स्वच्छ पृष्ठभाग, योग्य बोल्ट, मापानें दिलेला ताण व रेघेवर नजर, एवढी दक्षता ज्याच्या घरीं पाळली जाते त्याची गाडी घाटांतहि भरंवशाची राहील.