जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क

नांदेड जिल्ह्यातील धर्माबादसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी 'शार्क' म्हणताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर नरभक्षक जलचर उभा राहतो. जगातील सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, याच कुळातील असून माणसास निरुपद्रवी आहे. नावामुळे त्याला देवमासा समजण्याची चूक होते. परंतु देवमासा सस्तन प्राणी, तर हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा होय. पाठीवर फिकट ठिपके, तोंड रुंद आणि लांबी क्वचित १८ मीटरपर्यंत. एवढ्या देहाचे पोषण मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर व लहान मासळीवर होते. मासळीचे थवे जेथे दाटतात तेथेच मच्छीमारही जाळी टाकतात आणि हा महाकाय जीव त्यांत अडकतो.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी यकृतातील तेलासाठी त्याची शिकार होई. होड्यांच्या लाकडास पाणी लागू नये म्हणून ते तेल चोपडीत. २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. वयात येण्यास या माशाला दोन-तीन दशके लागत असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

मात्र अजाणता अडकलेल्या माशाचे काय? त्याला सोडावयाचे तर जाळे कापावे लागते आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. केवळ कायद्याचा धाक दाखवून हा पेच सुटणारा नव्हता. कोकण किनाऱ्यासाठी राज्याच्या कांदळवन कक्षाने व मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये भरपाई योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राण्याची सुटका करताना जाळ्याचे नुकसान झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात येते. पहिल्या सुमारे तीन वर्षांत २६० प्राणी समुद्रात परत गेले. त्यांत समुद्री कासवांचा भरणा मोठा असला, तरी ३७ व्हेल शार्क होते, ही लहान गोष्ट नव्हे.

हे साहाय्य जाळ्यापुरतेच आहे. कापलेल्या जाळ्यातून निसटलेली मासळी, बुडालेला दिवस आणि जळालेले डिझेल यांचा भार मच्छीमारालाच सोसावा लागतो. शिवाय अर्जासोबत सुटकेची छायाचित्रे जोडावी लागतात. हेलकावणाऱ्या नौकेवर, कित्येकदा अंधारात, एका हाती सुरी धरून जाळे कापणाऱ्या खलाशांपैकी कोणीतरी दुसऱ्या हाताने भ्रमणध्वनी सावरून ती टिपलेली असतात.