सन्मान कुणाचा करावा?

सत्कार म्हटला की शाल, हार, स्मृतिचिन्ह आणि लांबलचक भाषणे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. नटनट्यांना पाहायला तर गर्दी लोटते. परंतु ज्याच्या नजरेतून सबंध चित्रपट उभा राहतो, त्या दिग्दर्शकाचे नाव विचारले तर घरातील निम्मी माणसे गप्प बसतात. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक साधा प्रश्न ठेवतो. दिग्दर्शक थोर कशाने ठरतो? त्याला मिळालेल्या पारितोषिकांनी, की त्याने माणसाला पडद्यावर कसे पाहिले यावरून?

पारितोषिकेच मोजायची तर बंगालचे सत्यजित राय यांच्याकडे ती भरपूर होती. १९९२ साली त्यांना त्यांच्या एकूण कार्याबद्दल ऑस्कर मिळाले. तेव्हा ते कलकत्त्याच्या रुग्णालयात अंथरुणाला खिळून होते. त्याच वर्षी भारतरत्नही मिळाले आणि २३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. पण ही मानचिन्हे बाजूला ठेवली, तरी राय मोठेच राहतात असे आमचे मत आहे.

त्यांचा पहिला चित्रपट ‘पथेर पांचाली’. राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीला होते. चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी. १९५२ साली काशफुलांच्या रानात पहिले चित्रीकरण झाले. पुढच्या रविवारी मंडळी तेथे गेली तर गुरांनी फुले फस्त केलेली! रायांनी घाई केली नाही, फुले पुन्हा येईपर्यंत वर्षभर थांबले. पैसा संपला तेव्हा पत्नीचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या मदतीने १९५५ साली चित्रपट पुरा झाला. छायाचित्रणाचे काम त्यांनी ज्या सुब्रत मित्र यांच्यावर सोपवले, तो एकवीस वर्षांचा तरुण. त्याने आधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलाही नव्हता. म्हाताऱ्या आत्याच्या भूमिकेसाठी त्यांनी चुनीबाला देवींना शोधून काढले. ऐंशीच्या घरातील, रंगभूमीवरची ही जुनी नटी लोक विसरून गेले होते. तिच्या पाठीचे पोक, सुरकुत्या, बोळके यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही आणि थट्टेचा विषयही केला नाही. गरिबीला रडवेली न करता, तिची कीव न करता तिच्यातील माणूस दाखवणे हे फार अवघड काम आहे. ते या चित्रपटाने केले.

परंतु आमच्या वाचकांना याहून जवळचा वाटेल तो त्यांचा १९८१ चा ‘सद्गती’. प्रेमचंदांच्या कथेवरचा हा हिंदी चित्रपट दूरदर्शनसाठी तयार झाला. जेमतेम पाऊण-एक तासाचा. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला ब्राह्मणाच्या दारी जातो. ब्राह्मण त्याला वेठीस धरतो. झाडलोट कर, भुसा वाहा, हा ओंडका फोड! तापातून नुकताच उठलेला, उपाशी दुखी कुऱ्हाड चालवत राहतो आणि तिथेच मरून पडतो. वस्तीतली माणसे प्रेत उचलायला नकार देतात. मग तो ब्राह्मण पायाला दोरीचा फास अडकवून, स्पर्श टाळत, प्रेत ओढत नेतो आणि मेलेली जनावरे टाकतात तिथे टाकून येतो. परतल्यावर जागा पाणी शिंपडून शुद्ध करतो!

दुखीचे काम ओम पुरींनी केले आहे. महाराष्ट्रातील दोन गुणी कलावंतही यात आहेत. दुखीची बायको झुरिया झालेल्या स्मिता पाटील आणि ब्राह्मणाच्या भूमिकेतले डॉ. मोहन आगाशे. भर पावसात बंद दारासमोर झुरियाने केलेला आक्रोश ज्याने पाहिला, त्याला तो विसरता येत नाही.

यावर आमचे काही तरुण मित्र विचारतात, दुखी कुऱ्हाड ओंडक्यावरच का चालवतो? आमची माणसे पडद्यावर नुसती मरतच राहणार काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो दडपून ठेवू नये. आमचे उत्तर असे की रायांनी या चित्रपटात कुठेही मलमपट्टी केलेली नाही. शेवटी ब्राह्मणाचे मनपरिवर्तन होत नाही, कुणी उद्धारकर्ता धावून येत नाही. जे आहे ते दाखवून ते थांबतात. प्रेत उचलण्यास वस्तीने दिलेल्या नकारातच पुढच्या लढ्याची ठिणगी आहे. मेलेली गुरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी का सांगितले, हे ज्या घरात माहीत आहे, त्या घराला या नकाराचे मोल समजावून द्यावे लागत नाही.

पुढचे पाऊल पडायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. २०१३ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. येथे कॅमेरा ज्याने गावकुसाबाहेरचे जगणे स्वतः भोगले, त्याच्या हाती होता. बाबासाहेबांचे चित्र रंगवलेल्या भिंतीसमोरून डुक्कर खांद्यावर वाहून नेणारे कुटुंब आपण पाहतो, आणि अखेरीस जब्याच्या हातातला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. दुखीची कुऱ्हाड लाकडात रुतली, जब्याचा दगड आपल्यावर आला. एकाने डोळे उघडले, दुसऱ्याने जाब विचारला. दोघांचाही मान ठेवण्यात आम्हाला विसंगती वाटत नाही.

तेव्हा दिग्दर्शकाचा मान करताना त्याची पारितोषिके मोजू नयेत. त्याने सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला कसे पाहिले? सत्य गोड करून तर सांगितले नाही ना? सोबतच्या नवख्यावर आणि म्हाताऱ्यावर विश्वास टाकला का? एवढे पाहावे. एखाद्या रविवारी आईवडिलांनी मुलांना जवळ घेऊन ‘सद्गती’ जरूर पाहावा. संपल्यावर लगेच उठू नये. मुले विचारतील, त्या माणसाने नाही का म्हटले नाही? त्या प्रश्नाला घरात खरे उत्तर मिळाले, तर दिग्दर्शकाचा याहून मोठा सत्कार आम्हाला ठाऊक नाही.