यंत्राच्या श्वासाची निगराणी

१९५२ सालच्या ऑगस्ट महिन्यात कोपनहेगन येथील ब्लेगडाम रुग्णालयावर पोलिओच्या साथीने जो प्रसंग आणला, त्याच्या हकीकतीतून व्हेंटिलेटरचे मर्म जितके स्पष्ट होते तितके यंत्राच्या वर्णनातून होत नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दाखल होत होते. शरीराभोवती निर्वात निर्माण करून छाती फुगवणारे मोठे यंत्र तेथे एकच होते, छातीवर बांधावयाची लहान यंत्रे थोडी होती, आणि त्यांचा आश्रय मिळालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. अशा वेळी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा लोटण्यात आली. ती जगली, आणि मग वैद्यकीचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले.

पुढे पिशवी दाबण्याचे काम यंत्राने पत्करले. परंतु तोंडावाटे नळी श्वासनलिकेत उतरताच नाकाचे, घशाचे, खोकल्याचे आणि वाणीचे व्यापार एकाच वेळी स्थगित होतात, आणि ती सारी कामे कोणाकडे वर्ग होत असतील तर अतिदक्षता विभागातील परिचारिकेकडे, ज्यांना आपण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो त्यांच्याकडे, होतात, ही गोष्ट बाहेर बसलेल्या नातेवाइकांना क्वचितच सांगितली जाते.

नाक हे हवा कोमट व ओलसर करणारे इंद्रिय आहे. ते वगळून कोरडी हवा थेट आत गेली तर कफ घट्ट होऊन नळीच बुजण्याचा धोका असतो. म्हणून हवेला ऊब व आर्द्रता देण्याची तजवीज चालू आहे की नाही हे पाहणे, आणि नळ्यांत साचलेले पाणी रुग्णाकडे वाहू न देता काढून टाकणे, हे पाळीच्या प्रारंभीचेच कर्तव्य होय. खोकल्याच्या ठिकाणी सक्शन, म्हणजे कफ नळीने ओढून काढणे, येते. ते घड्याळाच्या हुकमाने नव्हे, तर छातीत घरघर ऐकू आली, यंत्राचा दाब चढला अथवा प्राणवायूचे प्रमाण घसरले तर करावयाचे असते. आधी रुग्णाला भरपूर प्राणवायू द्यावयाचा, आणि मग बारीक नळी आत घालून १० ते १५ सेकंदांत बाहेर काढावयाची, कारण तेवढा वेळ रुग्णाचा श्वास जणू उसना घेतलेला असतो.

गिळण्याची क्रिया थांबल्याने लाळ श्वासनलिकेत नळीभोवती असलेल्या फुग्यावर साचते. तो फुगा पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर दाबाइतकाच फुगलेला असावा लागतो: त्याहून सैल राहिला तर जंतूंनी भरलेली लाळ फुप्फुसांत झिरपते, आणि त्याहून घट्ट झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. खाटेची उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उचलून ठेवणे आणि ब्रशने दात घासून तोंड स्वच्छ करणे ही कामे दिसावयास सामान्य. पण व्हेंटिलेटरवरील रुग्णाला होणारा न्यूमोनिया टाळण्याचा पुष्कळसा भार त्यांच्यावरच असतो. औषधांच्या गुंगीत पापण्या अर्ध्या उघड्या राहतात, तेव्हा डोळ्यांना ओलावा द्यावा लागतो. आणि दर दोन तासांच्या सुमारास कूस पालटताना ओठांपाशी नोंदविलेली नळीची खूण जागची हललेली तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

यंत्राचा भोंगा वाजला म्हणजे अननुभवी माणसाची दृष्टी पडद्याकडे धावते; जाणती परिचारिका प्रथम रुग्णाकडे पाहते. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलते आहे काय, नळी दातांत चावली गेली आहे काय, कोठे जोड सुटला आहे काय, हे क्षणार्धात तपासून कारण उमगले नाही तर ती रुग्णाला यंत्रापासून सोडवून, उशाशी सदैव तयार ठेवलेल्या, हाताने दाबावयाच्या अम्बू पिशवीने स्वतः श्वास देऊ लागते. ब्लेगडामच्या विद्यार्थ्यांचे काम अशा वेळी तिच्या हाती येते. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हजर असावी हा दंडक याचसाठी आहे, आणि २०२० साली करोनाच्या साथीत यंत्रांची संख्या रोज छापून येत असताना ती चालविणाऱ्या हातांची गणती आपण इतक्या अल्प प्रमाणात केली, याचे मला आजही वैषम्य वाटते.

वाणीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येते, पण स्वरतंतूंमधून नळी गेल्याने शब्द उमटत नाही. मग तो हातवारे करतो, नळीकडे हात नेतो, आणि पुष्कळदा त्याचे हात बांधले जातात. हात बांधण्यापूर्वी त्याला काय सांगावयाचे आहे हे विचारले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मराठी मुळाक्षरांचा आणि वेदना, तहान, खाज, कूस यांच्या चित्रांचा एक तक्ता खाटेपाशी टांगण्यास खर्च जवळजवळ नाहीच. इंग्रजी अक्षरांचा तक्ता मात्र खेड्यातून आलेल्या आजीबाईंच्या काही कामाचा नाही. ‘आजी, आता कूस बदलते हं, घाबरू नका,’ एवढे प्रत्येक वेळी सांगणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.

प्रकृती सुधारू लागली की गुंगीचे औषध रोज काही काळ थांबवून, यंत्राचा आधार कमी करून, रुग्ण स्वतः किती श्वास घेतो याची परीक्षा होते. नळी निघाल्यावर नातेवाईक आनंदाने पाण्याचा पेला पुढे करतात, आणि सिस्टर तो अडवतात. यात कठोरता नाही: नळीमुळे घसा काही काळ बधिर व दुर्बळ राहतो, आणि गिळण्याची क्षमता तपासल्याशिवाय दिलेला घोट श्वासनलिकेत उतरू शकतो. तोवर ओल्या कापसाने ओठ भिजवावयाचे, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तत्काळ डॉक्टरांस बोलवावयाचे.