गोंधळातील पदक्रम व लय

गोंधळातील पदक्रम व लय : देवीच्या कुलाचारात गोंधळी जे विधिनाट्य सादर करतात, त्यातील पदांची पूर्वापर मांडणी व तीनुसार होणारा लयीचा चढउतार. लग्न, मुंज इ. मंगलकार्यांनंतर गोंधळ घालण्याची प्रथा आहे. तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका ही गोंधळ्यांची प्रमुख दैवते असून त्यांवरून कदमराई व रेणुराई असे दोन भेद मानतात. तुळजापूरपासून सु. ४५ किमी. वरील सोलापुरात, भवानी पेठेसारख्या वस्त्यांतही, हा कुलाचार परिचित आहे.

प्रमुख गायक म्हणजे नाईक. त्यास संबळ, तुणतुणे व झांज यांची साथ असते. तपशील प्रदेशपरत्वे बदलतो. तथापि सर्वसाधारण क्रम ठरलेला असतो. देवीची मांडणी करून दिवटी पेटविल्यावर प्रथम गण होतो. त्यानंतर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशा स्थानांच्या दैवतांना नावानिशी आवाहन करतात. या भागाची लय मध्यम ठेवतात. कारण प्रत्येक नाव स्पष्ट ऐकू येणे हा विधीचाच भाग आहे. पालुपद तेच राहून नावे बदलत जातात आणि लय हळूहळू चढते. देवीच्या स्तुतिपदांत ती द्रुत होते.

उत्तरार्धात आख्यान येते. हरिश्चंद्राची कथा, जांभूळ आख्यान इत्यादींपैकी एखादे निवडून नाईक ते गद्य निरूपण व पदे यांच्या मिश्रणाने रंगवितो. येथे लय बोलण्याच्या गतीवर उतरते. साथीदार मध्येच विनोदी प्रश्न विचारतो. मध्यरात्रीनंतर श्रोते पेंगू लागले, की असे प्रश्न व द्रुत पदे वाढतात, तर करुण प्रसंगी संबळ थांबते. पदाचे अखेरचे चरण साथीदार उचलून धरतात व संबळाचा ठेका न मोडता नाईक पुढील पद सुरू करतो; त्यामुळे जोड जाणवत नाही. पहाटे जोगवा व आरती यांनी समाप्ती होते.

सारांश, गोंधळाची दोन्ही टोके बांधलेली व मध्यभाग लवचिक असतो. आवाहन व निरोप यांना विधीचे बंधन आहे. आख्यानाची निवड व विस्तार मात्र नाईकाच्या प्रत्युत्पन्नमतीवर अवलंबून असतो. म्हणूनच एकाच संचाचे दोन गोंधळ सारखे होत नाहीत. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड (१९६५–९५) या वाद्यवृंदाने गीतांचा क्रम दररोज बदलून, गीते एकमेकांत गुंफून व उत्तरार्धाच्या मध्यावर मुक्त वादनास वाव देऊन असाच परिणाम साधला. मात्र तेथे क्रमाला धार्मिक बंधन नव्हते.

रंगमंचावरील व स्नेहसंमेलनांतील गोंधळ काही मिनिटांचा असतो. त्यात बहुधा द्रुत स्तुतिपदे व दिवटीनृत्य तेवढे उरते. आवाहन त्रोटक होते व आख्यान गळते. द्रुत लयीचा जोम तिच्याआधीच्या संथ भागातून निर्माण होत असल्याने असा गोंधळ आरंभापासूनच एका पट्टीत राहतो. शिवाय ज्या दैवतांना बोलाविले नाही, त्यांच्यासाठी होणारा जागर नावापुरता उरतो. आख्याने प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकली आहेत. ती सादर करण्याचे प्रसंग घटले, की पद पाठ असूनही ते कोठे व किती लांबवावे याची जाण पुढील पिढीकडे पोहोचत नाही. ही जाण ध्वनिमुद्रणाने पूर्णपणे जपता येत नाही, कारण ती समोरच्या श्रोत्यांवर आधारलेली असते.