विश्लेषण : निवृत्तीला चार दशके उलटली, तरी योहान क्रायफ लोकप्रिय का?

वाशीम, कारंजा किंवा रिसोडला मोबाइलवर फुटबॉलच्या रील्स पाहणाऱ्यासमोर एक जुनी चित्रफीत कधीतरी येतेच. नारंगी जर्सीतला सडपातळ खेळाडू पास देण्याचा आव आणतो आणि चेंडू स्वतःच्याच पायामागून ओढून उलट दिशेला निसटतो. हा नेदरलँड्सचा योहान क्रायफ. तो १९८४ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा वाशीम जिल्हाही अस्तित्वात नव्हता. मग आजच्या पिढीलाही तो आपला का वाटतो?

ती हुलकावणी कोणती?
१९७४च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध त्याने दिलेली ही हुलकावणी ‘क्रायफ टर्न’ म्हणून ओळखली जाते. तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पण हुलकावणी अमर झाली. तिला ना उंची लागते, ना ताकद. म्हणूनच गल्लीतला मुलगाही ती करून पाहतो.

विश्वचषक न जिंकताही एवढे नाव कसे?
त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्स पश्चिम जर्मनीकडून १-२ असा हरला. तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते ‘टोटल फुटबॉल’. बचावपटू पुढे गेला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, म्हणजे प्रत्येकाला सगळा खेळ कळला पाहिजे. क्लब फुटबॉलमध्ये मात्र क्रायफने भरपूर जिंकले. आयाक्सकडून सलग तीन युरोपियन चषक (१९७१ ते १९७३) आणि तीन वेळा ‘बॅलन डी’ओर’ त्याच्या नावावर आहेत.

महाराष्ट्राशी संबंध काय?
१९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनाचा प्रशिक्षक असताना क्रायफने तिथे छोट्या पासचा, चेंडू आपल्याकडे राखण्याचा खेळ रुजवला. पेप गार्डिओला त्याच्याच संघात घडला. पुढे बार्सिलोनात काम केलेले सर्जिओ लोबेरा भारतात आले. आधी एफसी गोवा आणि नंतर मुंबई सिटी त्यांच्या हाताखाली त्याच वळणाचा खेळ खेळले. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगची ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले.

आपल्याकडच्या मुलांना यातून काय?
अ‍ॅमस्टरडॅमच्या साध्या वस्तीत वाढलेला क्रायफ रस्त्यावरच खेळ शिकला. त्याच्या नावाच्या संस्थेने पुढे अनेक देशांत मुलांसाठी छोटी मैदाने उभारली. विदर्भातही असे उदाहरण आहे. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून नागपूरचे प्राध्यापक विजय बारसे यांनी त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू झाले. २०२२चा ‘झुंड’ चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला आहे.

२४ मार्च २०१६ रोजी क्रायफचे निधन झाले. त्याची चित्रफीत मात्र हातातल्या मोबाइलवर आजही फिरते. ती पाहून अंगणात उतरलेल्या मुलाला खेळायला मोकळी जागा मिळते का, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारायचा आहे.