शहराचा विमानतळ, शहराच्या हातात किती?

सिलिकॉन व्हॅलीतल्या पालो आल्टो शहराच्या पूर्व टोकाला, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावर, एक छोटा विमानतळ आहे. धावपट्टी 2,443 फुटांची, म्हणजे जेमतेम पाऊण किलोमीटर. नियमित प्रवासी विमानसेवा इथे नाही. येणारी-जाणारी विमाने बहुतेक एका इंजिनाची. चालवणारे शिकाऊ, हौशी किंवा स्वतःचे विमान बाळगणारे. आपल्याकडे विमानतळ म्हटला की डोळ्यांसमोर केंद्राचे प्राधिकरण, राज्याची कंपनी किंवा एखादा उद्योगसमूह येतो. हा विमानतळ मात्र शहराच्याच मालकीचा आहे. 1967पासून तो सांता क्लारा काउंटीकडे भाडेपट्ट्याने होता. ऑगस्ट 2014मध्ये शहराने कारभार आपल्याकडे घेतला आणि झिजलेल्या फरसबंदीची दुरुस्तीही त्याबरोबर अंगावर आली.

अशा विमानतळासाठी लांब पल्ल्याचा शाश्वतता आराखडा करायचा तर सुरुवात सौरपटलांपासून करण्याचा मोह होतो. खरी अडचण वेगळीच आहे: ज्या गोष्टींनी सर्वाधिक फरक पडेल, त्यांतल्या बऱ्याचशा शहराच्या अधिकारातच नाहीत.

शिशाचे पेट्रोल

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचे शिसेयुक्त पेट्रोल 1996मध्ये बंद झाले, भारतात 2000मध्ये. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत मात्र ते आजही जळते. त्याला ‘शंभर एलएल’ म्हणतात. ‘एलएल’ म्हणजे कमी शिशाचे, पण हे ‘कमी’ फक्त जुन्या विमान-पेट्रोलच्या मानाने. अमेरिकेच्या हवेत मिसळणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत आज हीच विमाने आहेत. ऑक्टोबर 2023मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने हे उत्सर्जन आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निष्कर्ष काढला.

शेजारच्या सॅन होजेमधला रीड-हिलव्ह्यू विमानतळ काउंटीच्या ताब्यात आहे. विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त असल्याचे 2021च्या अभ्यासात दिसले, आणि 1 जानेवारी 2022पासून काउंटीने तिथली शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबवली. पालो आल्टोला तोच कित्ता गिरवता आला असता का? 2024च्या संघीय कायद्याने ती वाट बंद केली. 2022 साली ज्या विमानतळांवर हे इंधन मिळत होते, त्यांनी 2030अखेरपर्यंत किंवा जवळपास सर्व विमानांना चालणारा मान्यताप्राप्त पर्याय मिळेपर्यंत ते देत राहायचे आहे. उलट कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार 1 जानेवारी 2031पासून त्याची विक्रीच बंद.

मधल्या काळात पर्याय आहेत, पण एकही निर्धोक नाही. 94 ऑक्टेनचे बिनशिशाचे इंधन सगळ्या इंजिनांना चालत नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या उड्डाण विभागाने 2023मध्ये ते वापरून पाहिले. इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक झिजू लागली आणि काही महिन्यांतच जुन्या इंधनाकडे परतावे लागले. जी100यूएल या इंधनाला सप्टेंबर 2022मध्ये सर्व पिस्टन इंजिनांसाठी मान्यता मिळाली, तरी विमानांचा रंग खराब झाल्याच्या तक्रारी आल्याच. म्हणून शहाणपण याच्यात की दुसऱ्या इंधनासाठी वेगळी टाकी आत्ताच बसवावी, चुकीचे इंधन भरले जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि किमतीतला फरक काही काळ शहराने सोसावा. एवढे तरी शहराच्या हातात आहे.

आवाज

याबाबत हात आणखी बांधलेले. 1990च्या संघीय कायद्यामुळे रात्रीची बंदी वगैरे नवे निर्बंध लादणे स्थानिक संस्थेला फार अवघड झाले आहे. उरतो तो वैमानिकांशी समजुतीचा मार्ग. आवाजाचा त्रास विमानतळाच्या मालकांपेक्षा शेजारच्या ईस्ट पालो आल्टोला अधिक, आणि ती वस्ती तुलनेने गरीब. आराखड्याच्या बैठकांत तिला पहिल्या रांगेत जागा हवी.

वीज

इथे मात्र शहराची बाजू भक्कम आहे. पालो आल्टोची वीजसेवा शहराच्याच मालकीची असून 2013पासून तिची वीज कार्बन-तटस्थ आहे. उड्डाणप्रशिक्षणात विमान बराच वेळ धावपट्टीभोवतीच घिरट्या घालते, त्यामुळे छोट्या विद्युत विमानांना ते साजेसे काम. युरोपात जून 2020मध्ये प्रमाणित झालेले दोन आसनांचे ‘व्हेलिस इलेक्ट्रो’ सुमारे पन्नास मिनिटे उडते. आवाज आणि शिसे, दोन्हींवर तो उतारा आहे. पल्ल्याच्या प्रवासावर नाही.

वीज आणि हा विमानतळ यांचे एक दुःखद नातेही आहे. 17 फेब्रुवारी 2010च्या दाट धुक्यात इथून उडालेले विमान उच्चदाबाच्या तारांना धडकले. तिघे दगावले आणि अख्खे शहर बराच वेळ अंधारात राहिले, कारण शहराला वीज आणणाऱ्या सगळ्या वाहिन्या एकाच पट्ट्यातून येत होत्या. सौरपटले आणि बॅटरी यांचा विचार विमानतळाने बिल वाचवण्यापेक्षा अशा प्रसंगासाठी करावा.

पाणी

विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट वर आहे. एका अंगाला बेलँड्सची संरक्षित पाणथळ, दुसऱ्या अंगाला सॅन फ्रान्सिस्किटो ओढा. फेब्रुवारी 1998मध्ये हाच ओढा काठ सोडून वस्तीत शिरला होता. राज्याच्या 2024च्या मार्गदर्शिकेतला मध्यम अंदाज असा: समुद्रपातळी 2050पर्यंत सुमारे 0.8 फूट आणि 2100पर्यंत सुमारे 3.1 फूट वाढेल. बांध उंच केला तरी जमिनीखालचे पाणी समुद्राबरोबर वर येते आणि फरसबंदीचा पाया भिजवते. हा धोका नजरेआड राहतो म्हणून मला जास्त गंभीर वाटतो. अशा जागी धावपट्टी लांबवण्याचा विचार पाणथळीच्या आणि पक्ष्यांच्या मुळावर येईल. शिवाय तो पैसा भिजणाऱ्या जमिनीत जाईल.

पैसा आणि सही

छोट्या विमानतळाची मिळकत म्हणजे हँगरचे भाडे, विमान उभे करण्याचे शुल्क आणि इंधनविक्रीतला वाटा. मोठ्या कामांना केंद्रीय विमान प्रशासनाचे अनुदान लागते. छोट्या विमानतळांसाठी ते खर्चाच्या साधारण 90 टक्के असते. बदल्यात शहराला सर्वसाधारणपणे वीस वर्षे विमानतळ चालू ठेवण्याचे वचन द्यावे लागते, आणि त्याची मिळकत दुसरीकडे वळवता येत नाही. असल्या वचनांतून सुटण्यासाठी सांता मोनिका शहराला वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले. 2017च्या तडजोडीनुसार तिथला विमानतळ 2028अखेरीनंतरच बंद करता येईल.

पालो आल्टोने आज अनुदान घेतले तर 2040च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते त्यात गुंतून राहील, आणि पाण्याचा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर येणार आहे. म्हणून बांधाचा आणि भूजलाचा निर्णय आधी, अनुदानाच्या कागदावर सही नंतर, असाच क्रम असायला हवा.